उत्तर घेऊनच येणाऱ्यांचे करिअर समुपदेशन

करिअर समुपदेशकाच्या नोंदणीचे नूतनीकरण ही बहुतेकदा कागदोपत्री उरकण्याची बाब असते. कार्यशाळांची प्रमाणपत्रे जोडायची, प्रशिक्षणाच्या तासांचा हिशेब द्यायचा आणि पुढच्या मुदतीपर्यंत निश्चिंत व्हायचे, ही त्याची सर्वमान्य रीत आहे. या वेळी मी उपलब्ध असलेला दुसरा, काहीसा कष्टाचा पर्याय निवडला आणि माझ्या प्रत्यक्ष कामाचे पर्यवेक्षण करून घेतले. माझ्या सत्रांची ध्वनिमुद्रणे एका ज्येष्ठ पर्यवेक्षकांनी ऐकायची, समव्यावसायिकांच्या एका लहान गटात त्यांवर चर्चा व्हायची आणि त्यानंतर मी माझी कार्यपद्धती लेखी स्वरूपात नव्याने मांडायची, असे त्याचे स्वरूप होते.

हा पर्याय निवडण्यामागे एक निश्चित कारण होते. सल्ल्यासाठी येणाऱ्यांचे पहिले वाक्यच बदलले होते. पूर्वी लोक ‘मी काय करू?’ असे विचारत येत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर ‘मला हे सुचवले आहे, ते बरोबर आहे का?’ असे विचारणाऱ्यांची संख्या माझ्याकडे वाढत गेली. कोणाजवळ संवाद-प्रणालीने दिलेली दहा व्यवसायांची यादी असते, कोणाजवळ एखाद्या मोफत व्यक्तिमत्त्व चाचणीचा रंगीत अहवाल, तर कोणाजवळ दोन्ही. आमच्या व्यवसायाची घडी मात्र प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाला समोर ठेवून बसवलेली आहे. १९०८ मध्ये बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू करणाऱ्या फ्रँक पार्सन्स यांनी सांगितलेल्या तीन पायऱ्या, म्हणजे स्वतःची ओळख, कामाच्या जगाची माहिती आणि या दोहोंच्या संबंधाविषयी नीट विचार, आजही बहुतेक प्रशिक्षणांचा कणा आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्या आता लोक आपापल्या भ्रमणध्वनीवर चढून येतात, निदान तसे त्यांना वाटते. अशा वेळी समुपदेशकाने नेमके काय करायचे, हे मला कोणाच्या व्याख्यानातून ऐकायचे नव्हते. माझ्याच सत्रांमध्ये काय घडते त्यावरून तपासायचे होते.

ध्वनिमुद्रणाची पूर्वतयारी वाटली होती त्यापेक्षा बरीच किचकट निघाली. संमतिपत्राचा माझा पहिला मसुदा पर्यवेक्षकांनी परत पाठवला, कारण ध्वनिफीत कोण ऐकणार हे त्यात होते, परंतु ती कोठे साठवली जाणार आणि केव्हा नष्ट केली जाणार हे नव्हते. संभाषणाचे आपोआप लेखी रूपांतर करणारी अनेक साधने आवाज दूरच्या संगणकावर पाठवतात, त्यामुळे सल्लार्थीचे नाव, त्याची नोकरी आणि वरिष्ठांविषयीच्या त्याच्या तक्रारी आपल्या ताब्याबाहेर जाऊ शकतात. म्हणून आम्ही तसले साधन वापरायचे नाही असे ठरवले आणि निवडक भागांचे लेखन मी हाताने केले. नकार दिल्यास सेवेत कोणताही फरक पडणार नाही, हे वाक्य संमतिपत्राच्या तळाशी न ठेवता अगदी वर आणले. अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांच्या सहीखेरीज विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे, पालक समोर नसताना विचारायचे असा दंडक घालून घेतला. पालकांनी उत्साहाने होकार दिल्यावर मुलाने शांतपणे नकार दिल्याचेही घडले, आणि त्या नकारातून त्या घरातील निर्णयप्रक्रियेविषयी जे कळले ते एरवी बऱ्याच उशिरा कळले असते.

ऐकण्याची पद्धत साधी होती. माझे प्रश्न चांगले की वाईट यावर पर्यवेक्षक सुरुवातीला काहीच बोलत नसत. सल्लार्थीकडे आधीपासून असलेली माहिती कोठे संपते आणि माझ्याकडून मिळालेली नवी गोष्ट कोठे सुरू होते, तेवढी जागा लिखित संभाषणावर खुणेने दाखवा, एवढेच त्या सांगत. ही खूण करू लागल्यावर सत्राचा आराखडा उघडा पडत गेला. चाचणीचा अहवाल समजावून सांगणे, अभ्यासक्रमांची आणि पात्रतेची माहिती देणे, या कामांत सत्राचा मोठा भाग जात होता, आणि त्यातील बराचसा मजकूर समोरच्या व्यक्तीने आधीच वाचलेला होता. नवी गोष्ट बहुधा अशा जागी सापडे, जिथे मी एखादे विधान तपासून पाहायला सांगितले होते किंवा दोन विधानांमधील विसंगती पुढे ठेवली होती.

गटातील एका सहकाऱ्याने येथे संशोधनाचा आधार आणला, तो फार उपयोगी पडला. स्टीव्हन ब्राउन आणि नॅन्सी रायन क्रेन यांनी २००० मध्ये करिअर निवडीसाठीच्या साहाय्याचा एकत्रित आढावा घेऊन परिणामकारक ठरणारे पाच घटक मांडले: लेखी स्वाध्याय, चाचणीच्या निष्कर्षांचा त्या व्यक्तीपुरता अर्थ लावून देणे, कामाच्या जगाची माहिती, अनुकरणीय उदाहरणांशी परिचय आणि निवडीला पाठबळ देणारी माणसे जोडण्याकडे लक्ष. पुढे २०१७ मध्ये सुझन व्हिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अशाच विश्लेषणात समुपदेशकाकडून मिळणारा आधार हा घटक ठळकपणे पुढे आला. माझी सत्रे या पाच घटकांवर तपासली तेव्हा माहितीचे पारडे जड होते आणि पाठबळ देणाऱ्या माणसांविषयी क्वचितच बोलणे होत होते. माहिती फुकट झालेल्या काळात हे पारडे हलके करणे क्रमप्राप्तच होते. मात्र माहिती पूर्णपणे काढून टाकावी, हे गटातील काहींचे मत मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. मिळालेल्या माहितीत काय खोटे, काय जुने आणि काय अर्धवट आहे हे सांगणारे कोणीतरी लागतेच. संवाद-प्रणालीने अत्यंत आत्मविश्वासाने सुचवलेला अभ्यासक्रम प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही, असे मी सल्लार्थीबरोबर बसून पडताळताना पाहिले आहे.

पर्यवेक्षणाचा सर्वांत वादग्रस्त भाग चाचण्यांचा होता. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली आणि नंतर विकसित होत गेलेली, व्यक्तींच्या व्यावसायिक आवडींची सहा प्रकारांची (सामाजिक हा त्यांपैकी एक) मांडणी मी नेहमी वापरते आणि ती मला मोलाची वाटते. प्रश्न अहवाल कोणत्या क्षणी समोर येतो याचा होता. प्रचलित पद्धतीत चाचणी आधी होते, मग अहवाल येतो आणि सत्राचा शेवट त्या अहवालाने होतो. त्यामुळे तो निकालपत्रासारखा वाचला जातो. पर्यवेक्षकांनी गटाला बर्ट्राम फोरर यांच्या प्रयोगाची आठवण करून दिली. १९४८ मध्ये फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझे’ म्हणून तेच एक वर्णन वाचायला दिले, तरी विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन आपल्याला लागू पडते असे वाटणे हा ते खरे असल्याचा पुरावा नव्हे, हे आम्ही सर्वजण शिकलेलो असतो. प्रत्यक्ष सत्रात ‘हो, अगदी माझेच वर्णन आहे’ असे कोणी म्हणाले की समुपदेशकालाही बरे वाटते आणि पुढची चौकशी थांबते.

त्यामुळे आम्ही क्रम बदलला. आता चाचणीचा अहवाल सत्रांच्या मध्यभागी येतो आणि तो उघडण्यापूर्वी सल्लार्थी आपला अंदाज लिहितो: कोणत्या क्षेत्रात गुण जास्त असतील, कोणत्या क्षेत्रात कमी, आणि कोणता निष्कर्ष आला तर आपल्याला वाईट वाटेल. अंदाज आणि अहवाल जिथे जुळत नाहीत तिथून बोलणे सुरू होते. आवड म्हणजे क्षमता नव्हे, आपल्या गुणांची तुलना कोणत्या समूहाशी केली आहे हे महत्त्वाचे असते, आणि दोन क्षेत्रांतील दोन-चार गुणांचा फरक मोजमापाच्या त्रुटीतही बसू शकतो, या गोष्टी व्याख्यानात सांगून जितक्या उमगत नाहीत तितक्या स्वतःचा अंदाज चुकल्यावर उमगतात. हिशेब तपासणीच्या कामात बरीच वर्षे घालवलेल्या एका व्यक्तीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ‘सामाजिक क्षेत्राचे गुण जास्त आले तर वाईट वाटेल’ असे लिहिले होते. ते गुण जास्त आले नाहीत. परंतु ते वाईट का वाटले असते याविषयी जे बोलणे झाले, त्यातून नोकरी सोडण्याचा बेत मागे पडला आणि त्याच संस्थेत नवोदितांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मागून घेण्याचा विचार पुढे आला. अहवालात यातील काहीच लिहिलेले नव्हते.

यानंतरचा टप्पा स्वतःवर प्रयोग करण्याचा होता. मार्क सॅविकास यांनी विकसित केलेली करिअर-रचनेची मुलाखत वापरायची असेल, तर आधी ती स्वतः द्यावी असा पर्यवेक्षकांचा आग्रह होता. लहानपणी आई-वडिलांखेरीज कोणाविषयी आदर वाटत असे, कोणती नियतकालिके किंवा कार्यक्रम आवडीने पाहिले जातात, पुस्तकातील किंवा चित्रपटातील सध्याची आवडती कथा कोणती, आवडते वचन कोणते आणि अगदी सुरुवातीच्या आठवणी कोणत्या, अशा प्रश्नांभोवती ही मुलाखत गुंफलेली असते. प्रश्न इतके निरुपद्रवी दिसतात की उत्तरे देताना माणूस सावध राहत नाही. मी सांगितलेल्या आदरणीय व्यक्ती वरवर एकमेकींपासून फार वेगळ्या होत्या, पण त्या सर्वजणी दुसऱ्याच्या कामातील दोष न दुखावता दाखवून देणाऱ्या होत्या, हे मुलाखत घेणाऱ्या सहकाऱ्याने माझ्याच शब्दांतून वेचून माझ्यापुढे ठेवले. ते ऐकून मला काहीसे अवघडल्यासारखे झाले, आणि सल्लार्थीला असे अवघडलेपण आले तर त्याला वेळ द्यायला हवा हेही कळले.

या पद्धतीविषयी मात्र माझे मत संमिश्र आहे. ज्यांना स्वतःविषयी बोलण्याची सवय आहे आणि निवडीला काही अवकाश आहे, त्यांच्यासाठी ती विलक्षण फलदायी आहे. ज्याला पुढच्या महिन्यापासून पगार हवा आहे त्याला बालपणीच्या आदर्शांविषयी विचारणे मला अप्रस्तुत वाटते. डेव्हिड ब्लुस्टिन यांनी २००६ पासून मांडलेल्या कामाच्या मानसशास्त्राचा रोख नेमका येथे आहे: करिअरविषयीचे बरेचसे सिद्धान्त निवड करू शकणाऱ्यांना गृहीत धरून रचलेले आहेत, आणि जगातील बहुसंख्य लोक काम निवडत नाहीत, मिळेल ते स्वीकारतात. गटात यावर बराच खल झाला. शेवटी मी माझ्या कार्यपद्धतीत असे लिहिले की पहिल्या भेटीत निकड तपासायची. निकड आर्थिक असेल तर आधी अर्ज, मुलाखतीची तयारी आणि ओळखीपाळखींचा शोध घ्यायचा, आणि करिअर-रचनेच्या मुलाखतीसारखे कथनाचे काम नंतर, तेही सल्लार्थीची इच्छा असल्यास.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे हातात उत्तर घेऊन येणाऱ्यांकडे वळते. पर्यवेक्षणाच्या मध्यावर मी एक बदल केला आणि तोच पुढे टिकला. संवाद-प्रणालीचे उत्तर आणले असेल तर मी तिला विचारलेला प्रश्नही शब्दशः आणायला सांगते. बहुतेक वेळा प्रश्नातच खरी गोम असते. घरातील आजारी माणसाची जबाबदारी, स्थलांतर न करण्याचा निश्चय, आधीच्या नोकरीतील अपमान, यांपैकी काहीही त्या प्रश्नात नसते, कारण यंत्राला असे काही सांगायचे असते हे लोकांना सुचत नाही, किंवा सांगावेसे वाटत नाही. मग यादीतील प्रत्येक नोंदीवर सल्लार्थी खूण करतो: कोणती वाचताना हायसे वाटले, कोणती न वाचताच पुढे गेलो, कोणती दुसऱ्या कोणाला तरी आवडेल म्हणून ठेवली. यादी उत्तर म्हणून टिकत नाही, पण बोलण्याचे साहित्य म्हणून उत्तम टिकते.

नोकऱ्या नाहीशा होण्याच्या भीतीचे कामही याच मार्गाने करावे लागते. अनेक जण एखादा आकडा मनात घट्ट धरून येतात. कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ७०२ व्यवसायांचा अभ्यास करून सुमारे ४७ टक्के रोजगाराला संगणकीकरणाचा मोठा धोका असल्याचे म्हटले होते. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात २१ देशांसाठी हाच आकडा सरासरी ९ टक्के निघाला. तफावतीचे मोठे कारण असे की पहिल्या अभ्यासाने संपूर्ण व्यवसाय हे एकक धरले आणि दुसऱ्याने त्या व्यवसायातील निरनिराळी कामे लक्षात घेतली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सल्लार्थीचे लक्ष आपल्या पदनामावरून आपल्या कामांकडे वळते. त्यानंतर तो आपल्या नेहमीच्या आठवड्यातील कामे लिहून काढतो आणि त्यांतील कोणती यंत्राकडे जाऊ शकतात, कोणती यंत्रामुळे लवकर होतील आणि कोणत्या कामांसाठी लोक आपल्यालाच शोधत येतात, हे आम्ही एकत्र पाहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासातही कारकुनी कामे सर्वाधिक प्रभावित होतील, परंतु बहुतांश नोकऱ्यांत पूर्ण उच्चाटनापेक्षा कामाचे स्वरूप बदलेल, असाच निष्कर्ष होता. कारकुनी कामे करणाऱ्या व्यक्तीला मात्र यातील पहिला अर्धाच ऐकू येतो, आणि तो ऐकू येणे रास्तही आहे. अशा वेळी दिलासा देण्यापेक्षा पर्यायी कामांची यादी लवकर सुरू करणे मी पसंत करते.

अर्जांच्या बाबतीत परिस्थिती अधिक विचित्र आहे. उमेदवार यंत्राकडून अर्ज लिहून घेतात, नियोक्ते यंत्राकडून ते चाळून घेतात, आणि दोन्ही बाजूंच्या मजकुराला एकच गुळगुळीत चेहरा येतो. ॲमेझॉनने अर्ज छाननीचे एक प्रायोगिक साधन सोडून दिल्याचे वृत्त २०१८ मध्ये आले होते, कारण जुन्या अर्जांवर शिकलेले ते साधन स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत होते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने नोकरभरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा प्रणालींचा समावेश उच्च जोखमीच्या गटात केला आहे. वारंवार नकार मिळालेल्या व्यक्तीशी बोलताना ही पार्श्वभूमी मला आवश्यक वाटते. प्रत्येक नकाराचे खापर माणूस स्वतःच्या डोक्यावर फोडत असतो, आणि आम्ही समुपदेशक ‘अर्ज आणखी सुधारू या’ असे म्हणत नकळत त्यालाच दुजोरा देत असतो. पर्यवेक्षकांच्या सूचनेवरून मी आता अशा व्यक्तीबरोबर कागदाचे दोन भाग करते: एका बाजूला त्याच्या हातातील गोष्टी, दुसऱ्या बाजूला बाजाराच्या, छाननीच्या आणि भेदभावाच्या. दुसरी बाजू भरताना काही जणांचा आवाज प्रथमच मोकळा होतो. ट्रिस्ट्रम हूली, रोनाल्ड सुल्ताना आणि रिए थॉमसेन यांच्यासारखे अभ्यासक सामाजिक न्यायासाठी करिअर मार्गदर्शनाचा जो आग्रह धरतात, त्याचा सत्रातील व्यवहार्य भाग मला एवढाच सापडला आहे; त्यापलीकडचे काम संघटनांचे आणि धोरणांचे आहे.

दूरस्थ सत्रांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ती चालतात, काहींना तीच सोयीची वाटतात, आणि सल्लार्थी ज्या खोलीत बसला आहे तिथे दुसरे कोणी आहे का हे सुरुवातीला विचारून घ्यावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न पैसे कोण देतो हा आहे. नोकरकपातीनंतर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एखादी संस्था समुपदेशकाची नेमणूक करते, तेव्हा आपण कोणाला उत्तरदायी आहोत, हे आधी लिहून न घेतल्यास पुढे पेच पडतो. अशा एका कामात मागणी होती ती किती जणांना किती लवकर नोकरी लागली या आकड्याची. त्या आकड्याला अर्थ आहे, पण घाईने घेतलेली नोकरी थोड्याच काळात सुटली तरी तो आकडा चांगलाच दिसतो. सॅविकास यांच्या मांडणीतील अनुकूलनक्षमतेचे, म्हणजे कामातील बदलांशी जुळवून घेण्याच्या क्षमतेचे, चार पैलू, म्हणजे भविष्याची काळजी घेणे, निर्णयावर आपला ताबा असणे, कुतूहल आणि आत्मविश्वास, मोजण्यासाठी २०१२ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. ती मी सुरुवातीला आणि शेवटी भरून घेण्याचा प्रस्ताव दिला. संस्थेने तो जोडपत्र म्हणून मान्य केला, मुख्य अहवालात घेतला नाही. शिवाय नोकरी गमावलेल्या माणसाची झोप उडालेली असते, कधी त्याहून गंभीर लक्षणे दिसतात. तेथे माझ्या प्रशिक्षणाची हद्द संपते, आणि मानसोपचाराकडे पाठवण्यासाठीची नावे आधीच जवळ असणे आता माझ्या कार्यपद्धतीचा लेखी भाग आहे.

अखेरीस सादर केलेल्या मांडणीवर पर्यवेक्षकांचा एक आक्षेप कायम राहिला. सल्लार्थीने थेट विचारले तर मी माझे मत सांगते आणि त्याची कारणेही सांगते. त्यांच्या मते यामुळे यंत्राच्या उत्तराची जागा फक्त माझे उत्तर घेते. माझे म्हणणे असे की यंत्राला प्रतिप्रश्न केल्यास ते पटकन मत बदलते, तर मी माझ्या मताचा आधार दाखवू शकते आणि मतभेद झाल्यावरही पुढच्या भेटीला तिथेच असते. नोंदणीचे नूतनीकरण झाले, आक्षेप मात्र अहवालात नोंदवला गेला आहे. पुढील मुदतीत मी प्रत्यक्ष मत दिलेल्या सत्रांची स्वतंत्र नोंद ठेवायची आणि नवे काम सुरू केल्यानंतर त्या सल्लार्थींशी पुन्हा बोलायचे, असे ठरले आहे. या पाठपुराव्याच्या भेटींचा खर्च उचलायला संस्था अजून तयार नाहीत, त्यामुळे त्यांचा समावेश पहिल्याच करारात कसा करता येईल यावर गटाची पुढची बैठक होणार आहे.